चार चाकांची बाईक आणि दुचाकीच्या सवयी

दिवाळीच्या सुट्टीनंतर या सदराकडे जी पत्रे आली, त्यांतली बरीच एकाच वाहनाबद्दल आहेत. कर्जत, लोणावळा, कामशेत या बाजूंना आणि रायगडच्या काही किनाऱ्यांवर भाड्याने मिळणाऱ्या या रुंद चाकांच्या बाईकला कोणी एटीव्ही (ऑल-टेरेन व्हेईकल, म्हणजे कोणत्याही जमिनीवर चालणारे वाहन) म्हणतो, कोणी क्वाड, तर कोणी नुसतेच बीच बाईक. ठाणे-नवी मुंबईहून शनिवारी सकाळी निघून रात्री घरी परतता येत असल्यामुळे ही हौस वाढली आहे आणि तिच्या मागोमाग शंकाही आल्या आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सात प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी गेली बारा वर्षे खारघर ते महापे रोज मोटारसायकलने ये-जा करतो. पुढच्या महिन्यात कार्यालयातील मित्रांबरोबर कर्जतजवळ एटीव्ही चालवायला जाणार आहे. माझ्यासारख्याला वेगळे काही शिकण्याची गरज आहे का? आयोजक म्हणतात की पाच मिनिटांत सगळे समजते. (खारघर)

गरज आहे, आणि आपल्या गटातल्या ज्या मित्राने आयुष्यात कधी दुचाकी चालवलेली नाही त्याच्यापेक्षा ती आपल्याला अधिक आहे. त्याला फक्त नवे शिकायचे आहे. आपल्याला जुने विसरायचेही आहे.

सर्वांत घातक सवय पायाची आहे. गाडी जरा कलली की आपला पाय आपोआप जमिनीवर येतो, आणि दुचाकीवर ते बरोबरच असते, कारण दीडशे किलोच्या आतबाहेरचे ते वजन क्षणभर पायावर तोलता येते. मोठ्या माणसांसाठीची एटीव्ही मात्र तीनशे किलोच्या आसपास भरते. ती उलटायला लागली की पायाने सावरत नाही. शिवाय चालत्या एटीव्हीवरून पाय खाली टेकवला, तर बरोबर त्याच्या मागून मागचे चाक येत असते. ते टाचेवर चढते आणि पाय मागे खेचत नेते. म्हणून यंत्र पूर्ण थांबेपर्यंत दोन्ही पाय फूटरेस्टवर राहिले पाहिजेत, मग कितीही कलल्यासारखे वाटो.

दुसरी गोष्ट डाव्या हाताची. मोटारसायकलवर डावीकडची दांडी क्लचची असते. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक एटीव्ही स्वयंचलित असतात, त्यांना हाताचा क्लच नसतो आणि डावीकडची दांडी ब्रेकची असते. काही यंत्रांत ती फक्त मागच्या चाकांना ब्रेक लावते, तर काहींत चारही चाकांना. उतारावर नकळत क्लच दाबल्यासारखी ती दाबली, तर चाके जागच्या जागी अडकतात. कोणती दांडी काय करते हे इंजिन सुरू करण्यापूर्वी विचारून घ्या आणि सपाटीवर हळू चालवून स्वतः पडताळून पाहा.

वेगासाठी येथे मूठ पिळायची नसते. उजव्या अंगठ्याने एक लहानशी पट्टी दाबायची असते. या रचनेमागे विचार आहे. चढावर किंवा धक्क्याने शरीर मागे फेकले गेले, तर हँडलला लटकलेल्या माणसाच्या हातून मूठ आपोआप पिळली जाते आणि वेग नको तेव्हा वाढतो. अंगठ्याच्या पट्टीने तो धोका कमी होतो, नाहीसा होत नाही, कारण घाबरलेला माणूस हँडल घट्ट आवळतो आणि त्या आवळण्यात अंगठाही दाबला जातो.

वळण घेताना दुचाकी आपल्याबरोबर कलते, एटीव्ही कलत नाही. बऱ्याच एटीव्हींचा मागचा धुरा सलग असतो, त्याला मोटारीसारखा डिफरेन्शियल नसतो, त्यामुळे मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते आणि आतल्याला कमी, म्हणजे आतल्या चाकाला थोडे घसरू दिल्याशिवाय गत्यंतर नसते. म्हणून चालकाने वेग आधीच कमी करून शरीर किंचित पुढे आणि वळणाच्या आतल्या बाजूला न्यायचे, आणि बाहेरच्या फूटरेस्टवर पायाने भार द्यायचा. चढावर अंग पुढे झुकवायचे, उतारावर मागे न्यायचे, आणि डोंगराच्या कुशीतून आडवे जाताना ते चढाच्या बाजूला ठेवायचे. उतारावर गिअर न्यूट्रलमध्ये टाकू नये. लो गिअरमध्ये इंजिनच यंत्राला अडवून धरते. चढावर इंजिन बंद पडले तर यंत्र मागे घरंगळू द्यायचे नाही आणि तिथल्या तिथे वळवायचेही नाही. वजन पुढे ठेवून ब्रेक धरावा, पार्किंग ब्रेक लावून चढाच्या बाजूने उतरावे आणि मदतनिसाला हाक मारावी.

हे सगळे पाच मिनिटांत वाचून होते, अंगवळणी पडत नाही. मोकळ्या सपाट जागेत निदान वीस मिनिटे थांबणे, निघणे आणि आठच्या आकड्यात वळणे करू देतील असेच आयोजक निवडा. तेवढा वेळ मिळत नसेल, तर बाजूला थांबून मित्रांचे फोटो काढणे हा काही वाईट दिवस नव्हे.

प्रश्न : मी चष्मा वापरते आणि प्रवासात बहुधा पंजाबी ड्रेस घालते. हेल्मेट तेथेच मिळेल असे सांगितले आहे. स्वतःचे काय न्यावे, आणि विकत घेण्यासारखे काय आहे? (घोडबंदर रस्ता, ठाणे)

ओढणी घरी ठेवा. हे मी आधी लिहीत आहे, कारण यंत्राचा धुरा, काही प्रकारांत साखळी आणि चारही चाके उघडी असतात, आणि ओढणी, स्टोल, गळ्यातला मफलर किंवा पाठीवर सोडलेली वेणी त्यांच्यात गुंतली तर ब्रेक दाबायला वेळ मिळत नाही. गो-कार्टवर असे अपघात आपल्या देशात झालेले आहेत. वेणीचा अंबाडा घालून तो शर्टाच्या कॉलरच्या आत घ्यावा. लांब मंगळसूत्र, बांगड्या आणि विशेषतः अंगठ्या काढून ठेवाव्यात. हँडलच्या एखाद्या कडेला अडकलेली अंगठी बोटाची कातडी सोलून काढू शकते. जाड जीन्स आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट पुरेसा आहे. करवंदीच्या काट्यांपासून आणि गरम सायलेन्सरपासून तोच वाचवतो.

हेल्मेट मात्र शक्यतो आपलेच न्यावे. त्याच्या आत थर्माकोलसारखा एक थर असतो, जो आघाताच्या क्षणी दबून डोक्याचा धक्का शोषून घेतो. पण तो एकदाच दबतो, आणि दबलेला बाहेरून दिसत नाही. भाड्याचे हेल्मेट किती वेळा आपटले आहे हे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसते. घरी दुचाकीसाठी घेतलेले, हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट असेल आणि त्यावर आयएस ४१५१ या मानकाची आयएसआय खूण असेल, तर एखाद्या दिवसाच्या सहलीसाठी ते चालेल. दुचाकीस्वारांच्या हेल्मेटवर ही खूण १ जून २०२१ पासून सक्तीची आहे. टोपीसारखे अर्धे हेल्मेट मात्र येथे कुचकामी, कारण एटीव्हीवरून माणूस पुष्कळदा हँडलवरून पुढे फेकला जातो आणि तोंडच आधी आपटते.

घालून पाहण्याची रीतही सांगतो. पट्टा बांधून, मान थोडी खाली करून हेल्मेट मागच्या कडेने वर ढकलून पाहावे. ते डोक्यावरून पुढे निसटले तर ते आपल्यासाठी नाही. हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे फिरवले, तर गालाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. पट्टा आणि गळा यांमध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. बाजारात लांब हनुवटीची आणि वर छज्जा असलेली मोटोक्रॉस हेल्मेटेही मिळतात. ती हवेशीर असतात, पण त्यांना काच नसते, म्हणून गॉगल वेगळा लागतो. वारंवार जायचे असेल तरच त्या खर्चात पडावे.

चष्म्यावरून बसणारे मोठ्या चौकटीचे गॉगल मिळतात, ते घ्यावेत. चष्म्याच्या काचा काचेच्याच असतील तर त्या फुटून डोळ्यात जाण्याचा धोका असतो, पॉलिकार्बोनेटच्या असाव्यात. काळी काच झाडीत नको, कारण उन्हातून सावलीत शिरताना क्षणभर काहीच दिसत नाही आणि नेमका तेव्हाच खड्डा येतो.

पायात चप्पल, फ्लोटर किंवा कॅनव्हासचे बूट चालणार नाहीत. घोटा झाकणारा आणि तळाला टाच असलेला बूट हवा, कारण ती टाचच पाय फूटरेस्टवरून पुढे घसरू देत नाही. टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या घरी उंच घोट्याचे सेफ्टी शूज असतात. पहिल्या सहलीसाठी ते उत्तम. हातमोजे पातळ चामड्याचे घ्यावेत, कारण जाड मोज्यातून अंगठ्याला पट्टीचा अंदाज येत नाही. कोरड्या दिवसांत पुढच्या यंत्राची लाल धूळ अक्षरशः खावी लागते. त्यासाठी हेल्मेटच्या आत नीट बसणारा मास्क किंवा गळ्यात खोचलेला बफ (नळीसारखा ताणणारा गळपट्टा) ठेवावा, त्याचे टोक बाहेर लोंबू नये.

छातीचे कवच पुढच्या चाकाने उडवलेल्या दगडापासून आणि हँडलच्या धक्क्यापासून वाचवते, पण अंगावर पडलेल्या तीनशे किलोंपुढे त्याचे काही चालत नाही, हे विक्रेता सांगत नाही. मानेची पट्टी ही शर्यतीत उतरणाऱ्यांची गोष्ट आहे. पैसे मोजकेच असतील तर आधी हेल्मेट, मग बूट, मग हातमोजे आणि गॉगल.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. आयोजक म्हणतात की त्याला पुढे बसवून मी चालवावे, किंवा छोटी एटीव्ही त्यालाच द्यावी. यांतले सुरक्षित कोणते? (ऐरोली)

पहिला पर्याय सरळ नाकारा. एटीव्हीची बैठक लांब असते म्हणून ती दोघांसाठी आहे असे वाटते, पण ती लांबी चालकाला पुढे-मागे सरकता यावे यासाठी असते, आणि त्या सरकण्यावरच यंत्राचा तोल अवलंबून असतो. मुलगा पुढे बसला की आपल्याला पुढे झुकता येत नाही, हँडल पूर्ण वळत नाही, आणि अचानक थांबल्यास त्याची छाती हँडलवर आणि आपले वजन त्याच्या पाठीवर येते. खास दोघांसाठी बनवलेल्या एटीव्ही असतात. त्यांची लांबी जास्त असते आणि मागच्या प्रवाशाला वेगळी बैठक, धरायला दांड्या आणि स्वतंत्र फूटरेस्ट असतात. त्यांतही प्रवाशाचे पाय फूटरेस्टवर पूर्ण टेकले पाहिजेत.

दुसऱ्या पर्यायाबद्दल थोडा इतिहास सांगणे भाग आहे. ही वाहने सुरुवातीला तीनचाकी होती. त्यांच्या अपघातांत अमेरिकेत इतकी मुले दगावली आणि जखमी झाली, की १९८८ साली तेथील उत्पादक आणि सरकार यांच्यात न्यायालयामार्फत समझोता होऊन तीनचाकींची विक्री थांबली, आणि नव्वद सीसीपेक्षा मोठे यंत्र सोळा वर्षांखालील मुलांसाठी विकायचे नाही असे ठरले. तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सोळा वर्षांखालील मुलांनी एटीव्ही चालवूच नये असे सांगते. मुलाला हँडल वळवता येते. पण उतारावर कोणत्या क्षणी अंग कोणत्या बाजूला न्यायचे हा निर्णय घ्यायला जो अंदाज लागतो तो अकराव्या वर्षी नसतो, आणि यंत्र सावरायला लागणारे वजनही नसते.

माझे मत विचारलेत तर मी देणार नाही. तरीही आपण ठरवलेच, तर लहान मुलांसाठीचेच, वेगमर्यादा बसवलेले यंत्र असावे. मैदान सपाट आणि कुंपणाचे असावे. त्या वेळी तेथे मोठ्यांची एकही एटीव्ही फिरत नसावी. आणि इंजिन दुरून बंद करण्याचे बटण एका शुद्धीवरच्या मोठ्या माणसाच्या हातात असावे. मुलाच्या डोक्याच्या मापाचे हेल्मेट तेथे नसेल, तर चर्चा तेथेच संपते. किनाऱ्यासारख्या सार्वजनिक जागेचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तेथे अल्पवयीन मुलाने वाहन चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतचा कारावास व पंचवीस हजार रुपये दंड अशी आहे.

प्रश्न : शहापूर तालुक्यात आमची भातशेती आणि आंब्याची बाग आहे. फवारणीची टाकी आणि पेट्या वाहण्यासाठी जुनी एटीव्ही घेतली आहे. ती बांधावरून नेता येईल का? घरापासून शेतापर्यंत दीड किलोमीटर डांबरी रस्ता आहे. (कळवा)

रस्त्याचे आधी. ज्या वाहनाची आरटीओकडे नोंदणी नाही ते सार्वजनिक जागी चालवता येत नाही, आणि बहुतेक एटीव्ही केवळ रस्त्याबाहेरच्या वापरासाठी विकल्या जातात, त्यांना नंबर मिळत नाही. त्यामुळे विमाही नाही, आणि त्या दीड किलोमीटरमध्ये कोणाला धक्का लागला तर भरपाई आपल्या खिशातून. कायदा बाजूला ठेवला तरी डांबर या यंत्राला मानवत नाही. वर सलग धुऱ्याची गोष्ट सांगितली आहे. मातीत आतले चाक घसरून वळण सुटते, डांबरावर ते घसरत नाही, पकड धरते, आणि मग यंत्र एकतर सरळच जात राहते किंवा बाहेरच्या बाजूला उलटते. यंत्र शेतावरच ठेवण्याची सोय करावी. न्यायचेच असल्यास टेम्पोतून न्यावे, पण फळ्यांवरून चढवताना ते मागे उलटून अंगावर येणे हा नेहमीचा अपघात आहे, म्हणून चालवत चढवण्याऐवजी दोरीच्या कप्पीने ओढून घ्यावे.

बांधावरून नेऊ नका. भाताच्या बांधाची माती पावसात आतून मऊ झालेली असते, वरून मात्र ती टणक दिसते, आणि खेकड्यांनी पोखरलेली असेल तर विचारायलाच नको. यंत्राची रुंदी चार फुटांच्या आसपास असते. एक चाक कडेला आले की कड सुटते आणि यंत्र खालच्या खाचरात उलटते. चिखलाच्या खाचरात यंत्राखाली सापडलेल्या माणसाचा जीव अनेकदा जखमेने जात नाही, छाती दबून श्वास कोंडल्याने जातो.

याच कारणाने ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून शेतीकामाच्या प्रत्येक नव्या एटीव्हीला चालकाच्या मागे संरक्षक कमान असणे सक्तीचे झाले. यंत्र उलटले तरी ते पूर्ण अंगावर बसू नये आणि माणसाला खाली पोकळी मिळावी, एवढेच त्या कमानीचे काम आहे. आयर्लंडमध्ये नोव्हेंबर २०२३ पासून कामासाठी क्वाड चालवणाऱ्याला प्रशिक्षण आणि हेल्मेट दोन्ही बंधनकारक आहेत. दोन्ही देशांत हे नियम आले ते पर्यटकांमुळे नव्हे, शेतकऱ्यांच्या मृत्यूंमुळे. गावच्या वेल्डरकडून अंदाजाने पाइप वाकवून अशी कमान बसवू नये. चुकीच्या जागी जोडलेली कमान उलटताना मानेवरच बसते.

फवारणीची टाकी अर्धी भरलेली असेल तर ती पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण आतले पाणी वळणात एका बाजूला धावते आणि उलटण्याला हातभार लावते. आत आडवे पडदे असलेली टाकी घ्यावी, ती शक्य तितकी खाली बांधावी आणि यंत्रावर लिहिलेली वजनाची मर्यादा पाळावी. आंब्याच्या पेट्या एकावर एक चढवण्यापेक्षा दोन फेऱ्या केलेल्या बऱ्या.

चाकांतील हवेकडे विशेष लक्ष द्या. मोटारीच्या टायरमध्ये तीसच्या पुढे पीएसआय हवा असते, एटीव्हीच्या टायरमध्ये साधारण तीन ते सात. पेट्रोल पंपावरचा मापक इतक्या खालच्या दाबाचा भरवसा देत नाही आणि तेथील दाबाच्या हवेने टायर क्षणात फुगून फाटू शकतो; म्हणून कमी दाबाचा मापक आणि हातपंप विकत घ्यावा. डाव्या आणि उजव्या चाकात दोन पीएसआयचाही फरक राहिला तरी यंत्र एका बाजूला ओढते, आणि चालकाला वाटते की हँडलच बिघडले आहे. जुने यंत्र असल्यामुळे दर वेळी निघण्यापूर्वी अंगठ्याची पट्टी सोडल्यावर झटकन मागे येते का, किल स्विचने इंजिन खरोखर बंद होते का, आणि चाक दोन्ही हातांनी धरून हलवल्यावर ढिले लागते का, एवढे तरी पाहावे. मार्चनंतर सायलेन्सरभोवती अडकलेले वाळलेले गवतही काढत जा, नाहीतर बागेतच वणवा लागेल.

प्रश्न : आम्हा मित्रांपैकी एकाने एटीव्ही घेतली आहे. येऊरच्या जंगलात, खारघरच्या डोंगरावर किंवा रात्री समुद्रकिनारी चालवण्यास हरकत आहे का? (वर्तकनगर, ठाणे)

हरकत आहे. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तेथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. खारघरच्या डोंगरावरही मोठे क्षेत्र वनखात्याचे आहे, आणि पावसाळ्यात तेथे पायी फिरणाऱ्यांनाही अनेकदा बंदी असते. खाडीकाठची कांदळवने संरक्षित आहेत, शिवाय तेथील गाळात रुतलेले यंत्र भरतीपूर्वी निघेलच असे नाही. किनाऱ्यावर रात्री चालवू नका, याचे कारण केवळ खड्डे आणि नौकांचे दोर एवढेच नाही. रायगड-रत्नागिरीच्या वेळास, हरिहरेश्वर, दिवेआगर यांसारख्या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवे रात्री वाळूत अंडी घालतात. घरट्यावरून चाक गेल्यास वाळू दबते आणि चाकोरीच्या खोल रेषांत अडकलेली पिल्ले समुद्रापर्यंत पोहोचत नाहीत. आपल्या मित्राने एखाद्या खासगी ट्रॅकच्या मालकाशी बोलावे.

प्रश्न : एका ठिकाणी माझ्या मैत्रिणीची एटीव्ही उतारावर उलटली. मदतनिसांनी लगेच हेल्मेट ओढून काढले, तिला उचलून खुर्चीवर बसवले, आणि ती बरी दिसते म्हणून परत पाठवले. रात्री तिच्या पोटात दुखू लागले. 'जबाबदारी आमची नाही' असा कागद आधीच सही करून घेतला होता. काय करायला हवे होते? आता काय करता येईल? (नेरुळ)

पत्राच्या तारखेवरून मैत्रीण आता उपचार घेऊन घरी असेल असे धरतो. नसेल, तर हे वाचणे थांबवून तिला रुग्णालयात न्यावे.

हँडलचे टोक पोटात रुतले तर बाहेर साधा लाल वळ दिसतो आणि आत प्लीहा किंवा यकृत फाटलेले असू शकते. रक्तस्राव सावकाश होतो, माणूस तासन्‌तास बोलत-चालत राहतो, म्हणूनच असा मार 'बरा दिसतो'. हँडल पोटाला लागले असेल, पोट किंवा खांदा दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा लघवीत रक्त दिसले, तर सोनोग्राफी होईपर्यंत तिला बरे समजू नये.

अपघाताच्या जागी पहिले काम म्हणजे इंजिन बंद करणे आणि मागून येणाऱ्यांना थांबवणे. माणूस यंत्राखाली असेल तर एकट्याने ओढाओढ करू नये. तिघाचौघांनी यंत्र उचलून धरावे आणि एकाने मान व डोके दोन्ही हातांनी एका रेषेत धरून ठेवावे. श्वास चालू असेल आणि तोंड मोकळे असेल, तर हेल्मेट काढायचे नाही. काच वर करून पट्टा सैल करणे पुरते. श्वास अडत असेल तरच ते काढावे, आणि तेही दोघांनी, एकाने मान धरून आणि दुसऱ्याने हळूहळू. वाहते रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. बसवू नये, पाणी पाजू नये. १०८ ला फोन करताना जवळचे गाव आणि ट्रॅकचे नाव सांगावे. दऱ्यांमध्ये फोनला रेंज नसते, म्हणून ती कोठे मिळते हे सुरुवातीलाच विचारून ठेवण्यासारखे आहे.

त्या कागदाबद्दल. सही केल्याने आयोजकाचा निष्काळजीपणा माफ होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, ती घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि घटना कोठेही घडली असली तरी आपण राहता तेथील आयोगाकडे, म्हणजे आपल्या बाबतीत ठाणे जिल्ह्याच्या आयोगाकडे, ती दाखल करता येते. पैसे दिल्याची पावती, जागेचे फोटो, रुग्णालयाचे कागद आणि तेव्हा हजर असलेल्यांची नावे जपून ठेवा. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले असून त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. त्या आयोजकाची नोंदणी होती का, याची चौकशी संचालनालयाच्या कोकण विभागाच्या कार्यालयात करावी. ट्रॅक लोणावळ्याकडचा असेल तर पुणे विभागाकडे. आरोग्य विम्याची कागदपत्रेही काढून पाहा. धोकादायक खेळांतील इजा वगळणारे कलम अनेक पॉलिसींत असते, आणि ते नेमके कोणत्या शब्दांत आहे यावर पुष्कळ काही ठरते.

प्रश्न : भाड्याच्या हेल्मेटला फार वास येतो. आत काय घालावे? पावसाळ्यात जावे का? (कोपरखैरणे)

डोक्याला घट्ट बसणारी पातळ सुती टोपी किंवा बालाक्लाव्हा (डोके व मान झाकणारी विणलेली टोपी) घालावा. जाड रुमाल घडी करून घालू नये, कारण त्याने हेल्मेट वर उचलले जाते आणि माप बिघडते. हेल्मेटच्या आत अत्तर, थिनर किंवा पेट्रोलने पुसणेही टाळावे, त्याने आतला थर विरघळतो; साबणाच्या पाण्याचा ओला फडका पुरे. पावसाळ्यात जायचे तर अंगाला चिकटून बसणारा रेनसूट न्यावा, पाठीवर फडफडणारे इरले-रेनकोट नकोत. पाणी फूटरेस्टच्या वर असेल तर ओढा ओलांडू नये, आणि ओलांडल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून कोरडे करून घ्यावेत. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. आपल्या भागात पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाणी-चिखलातून होणारा ताप) रुग्ण दर वर्षी आढळतात, आणि सहलीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप व पोटऱ्यांचे दुखणे आलेच, तर डॉक्टरांना चिखलात गेल्याचे आपणहून सांगा.